फळ्यावरची मेंढी

सांगलीतल्या माझ्या खानावळीत जतची एक मुलगी जेवायला येते. जनावरांच्या औषधोपचाराची पदविका करते. बोलते भरभर, जेवते त्याहून भरभर. बाकीची पोरं सरकारी परीक्षांबद्दल बोलत बसतात. हिला फक्त मेंढरांना लस टोचता यायला हवी. घरी कळप आहे आणि गेल्या पावसाळ्यात निम्मी कोकरं रोगाने गेली.

"मावशी, सर मेंढी फळ्यावर काढत्यात. फळ्याला कुठं टोचू?" ती वैतागून म्हणायची.

परवा तिने वडिलांच्या टेंपोतून घरची मेंढीच आणली. माझ्या दारात तिला पाणी पाजलं आणि थेट कॉलेजात नेली.

दुपारी जेवायला आली तेव्हा ओढणीभर लोकर होती.

"सर रागावले?" मी विचारलं.

"लय! मग सोताच लस घिऊन आले. मी टोचली."

"मेंढी बिथरली असेल."

"कुठली! गप उभी ऱ्हायली. आता पावसाआधी कळपाला मीच टोचणार."

मी तिला आधी हात धुवायला पिटाळलं. मोरीवरून ओरडली, "मावशी, वर्गातली पोरं म्हणत्यात उद्या म्हैस आण. म्हटलं, ती तुमच्या घरनं आणा!"