शिमोनचा कोंबडा

ज्या वर्षी आमच्या सुनेला, एस्तेरला, जुळ्या मुली झाल्या आणि पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याच्या वेळी एकीलाच दोनदा पाणी लावलं, त्या वर्षीची ही गोष्ट. एस्तेर भर देवळात म्हणाली, "साहेब, ही पुन्हा रूथच आहे. नामी मामांच्या मांडीवर आहे." नामी खरोखर माझ्या मांडीवर होती, कोरडी ठाक. सगळी मंडळी हसली. मीही हसलो. एकाचं दुसऱ्याच्या नावावर जाणं ही माझ्यासारख्यानं हसण्याची गोष्ट नव्हती, पण हसलो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी हंगामाचा सण आला. सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दुपारी भाकरी खाऊन मी कडुलिंबाखाली बाजेवर आडवा होतो. उशाला मंडळीची जुनी वही आहे. वहीमुळे झोप येत नाही आणि मेथीच्या भाजीमुळे ती आल्याशिवाय राहत नाही, अशी ओढाताण चालली आहे.

वहीचं सांगतो. मी अक्षरं शिकलो एकसष्टाव्या वर्षी. एस्तेरनं शिकवली, थोरल्या नातवाच्या पाटीवर. नातू भराभर पुढं गेला, मी 'मी'वर अडकलो. माझा 'मी' कायम पहिल्या वेलांटीचा. "मामा, 'मी'ला दुसरी वेलांटी," असं सांगून सांगून ती दमली. तरी पुढं वाचायला येऊ लागलं. मग पाळकसाहेबांनी ही वही हातात दिली. "लाजरदादा, तुम्ही मंडळीचे पंच. सणाच्या दिवशी यातल्या चार जुन्या आठवणी वाचून दाखवा." मी बोट ठेवून वाचत गेलो आणि एका पानावर बोट थांबलं. लिहिलं होतं: शिमोन याकोब उमाप याने सणाच्या अर्पणातील कोंबडा दारूच्या नशेत चोरला, सबब सहा महिने प्रभुभोजन बंद.

कोणाच्या मदतीशिवाय मी वाचलेलं हे आयुष्यातलं पहिलं वाक्य, आणि ते खोटं होतं. मला ठाऊक होतं, कारण कोंबडा मी चोरला होता.

डोळे जड होतात. उजवा पाय बाजेबाहेर लोंबतो आहे, तो वर घ्यावा असं वाटतं, पण पाय ऐकत नाही. लिंबाची सावली अंगावरून सरकते. पायाशी कोणीतरी बसलं आहे.

शिमोन आहे. पुरताना घातलेला कोट अंगात, आणि काखेत कोंबडा. लाल, उघड्या मानेचा.

"सलाम, लाजऱ्या."

"सलाम," मी म्हणतो. "बायबलात थडग्यातनं उठवलेल्या लाजराचं नाव माझं, आणि उठून आलास तू?"

"तुला कोणी उठवंना, म्हणून मलाच यावं लागलं."

"हा कोंबडा कुठला?"

"ओळखलं न्हाईस? त्यानं तर तुला लगेच ओळखलं."

कोंबडा एका डोळ्यानं माझ्याकडं बघतो. मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्यानं बघतो, खात्री करून घेतल्यासारखा.

आता आम्ही बाजेवर नाही. तालुक्याच्या एसटी स्टँडवर बाकड्यावर बसलो आहोत. फलाटावर गाड्या नाहीत, नुसती ज्वारी उभी आहे, कमरेएवढी. चौकशीच्या खिडकीत चष्मा लावलेला एक पांढऱ्या कपड्यातला माणूस सुपारी कातरतो आहे.

"ती खिडकी बघ," शिमोन म्हणतो. "वर गेल्या गेल्या मी तिथं उभा राहिलो. नाव सांगितलं. म्हटलं, दारू? तो म्हणाला, होती, पुसली. म्हटलं, रिबकाला मारायचो ते? म्हणाला, होतं, पुसलं. म्हटलं, आणि कोंबडा? तर म्हणतो, कसला कोंबडा?"

मी खाली बघतो. ज्वारीत माझ्या चपला दिसत नाहीत.

"मी भांडलो, लाजऱ्या. म्हटलं, अहो, अडतीस वर्षं त्या कोंबड्यापायी रडलोय. गुडघ्याला घट्टे पडलेत, हात लावून बघा. दर सणाला एक कोंबडा आणून वाहिलाय. नीट बघा जरा! तो म्हणतो, काका, तुमच्या नावावर कोंबडा नाही. असता तर पुसला असता. नसलेला कसा पुसू?"

"मग?"

"मग काय, मागं रांग लागली होती. लोक म्हणायला लागले, ओ कोंबडेवाले, सरका पुढं. केवढा अपमान झाला माझा!"

खरं सांगायचं तर मला हसू येतं. पण दर सणाला शिमोन तो कोंबडा आणायचा, तेव्हा पंच म्हणून तो हातात घ्यायचो मीच. कोंबड्यावर हात ठेवून प्रार्थना करायचो मीच. शिमोन गेल्यावर त्याची बायको रिबकावहिनी आणू लागली. उद्या ती पुन्हा आणणार, आणि उद्या मी पुन्हा घेणार. हे आठवतं आणि हसू घशातच बसतं.

"हे बघ शिमोन," मी म्हणतो, "त्या कोंबड्याच्या लाजेनंच तुझी दारू सुटली की नाही? गावाला विचार. म्हणजे माझ्या हातून एका परीनं—"

"देवाचं कामच झालं म्हण की!"

देऊळ भरलं आहे. स्टँड कुठं गेलं ते कळत नाही, पण सुपारी कातरल्याचा आवाज अजून येतो आहे. पुढच्या बाकावर पंच बसले आहेत. चारही पंच कोंबडे आहेत. गळ्याशी बंद केलेले कोट, तुरे नीट विंचरलेले. एक जागा रिकामी आहे, ती माझी. मी उभा राहतो आणि नेहमीचं बोलायला तोंड उघडतो, "प्रिय बंधुभगिनींनो, आपण सारे पापी आहोत," आणि घशातून निघतं कुकूचकू.

चारही पंच गंभीरपणे माना डोलावतात.

"अजून तेच?" शिमोन मागच्या बाकावरून ओरडतो. "आपण, आपण! चाळीस वर्षं तुझं ऐकतोय. आपण म्हणजे कोण रं? माझी रिबका? तुझ्या त्या दोन तान्ह्या नाती? जत्रेत चोर शिरतो तसा तू त्या 'आपण'मध्ये शिरतोस. लाज कशी वाटत न्हाई, लाजऱ्या?"

"मग काय म्हणू?"

"एका अक्षराचा शब्द हाय."

माझ्या हातात नातवाची पाटी आहे. मी लिहितो. पहिली वेलांटी पडते. कोंबडा शिमोनच्या काखेतून मान लांब करतो आणि वेलांटीवर चोच मारतो. मी पुसतो, पुन्हा लिहितो, पुन्हा पहिलीच. कोंबडा पुन्हा चोच मारतो.

"बरोबर आहे का आता?" मी विचारतो.

"मला काय विचारतोस? मला कुठं वाचता येतं. कोंबड्याला विचार."

पाटी ओली होते. पाटी नाही, देवळाची ओसरी आहे, पहाटेच्या दवानं ओली. ओसरीवर एक तरणा माणूस दारू पिऊन पालथा पडला आहे. तो शिमोन आहे, तिशीही न गाठलेला. त्याच्याजवळ उकिडवा बसलेला दुसरा तरणा माणूस मी आहे. माझ्या ओठांना रस्सा लागलेला आहे. हाडं कालव्याकडंच्या बाभळीखाली पुरून मी नुकताच आलो आहे. कोंबड्याच्या पायातली सुतळी तेवढी पुरायची राहिली, ती हातात आहे. घरात खायला नव्हतं असं नाही. रात्री पिठलं होतं. मला कोंबडा खावासा वाटला, एवढंच.

म्हातारा मी आणि मेलेला शिमोन शेजारी उभं राहून बघतो. तरणा मी शिमोनचा हात उचलतो आणि सुतळी त्याच्या मनगटाला बांधतो.

"केवढा तरणा होतो रं मी," शिमोन म्हणतो.

मी गाठीकडं बघतो.

"निरगाठ मारलीस."

"सवय आहे."

"उठल्यावर सुटंना ती. इळ्यानं कापली. मी बघत बसलो माझ्या हाताकडं. म्हटलं, ह्या हातांनी देवाचं पण सोडलं न्हाई. आठवत तर काहीच नव्हतं. मनगटावर वळ होता, म्हणजे चोरी मीच केली असणार."

"रागावलास?"

"रागवायचं म्हणून निघालो होतो. पण तिथं राग टिकतच न्हाई. मोठी पंचाईत हाय." तो कोंबड्याच्या पिसांवरून हात फिरवतो. "आन एक ध्यानात ठेव. दारू ह्या कोंबड्यानं न्हाई सोडवली. मी देवळात जाऊन म्हटलं, प्रभू, मी चोर हाय, मला सोडव. चोर नव्हतो तरी सुटलो, लाजऱ्या! तो सोडवायलाच उभा असतो. चूक का बरोबर, मी माझा बांधलेला हात पुढं केला. तू बांधलेला असून पाय धोतरात लपवतोस."

"पाय?"

मी खाली बघतो. सुतळी आता माझ्या घोट्याला आहे. दुसरं टोक कोंबड्याच्या पायात. गाठ माझीच आहे, मी ओळखतो. मी नखं लावतो, दातानं धरायला वाकतो, पोट आड येतं.

"शिमोन, सोड ना बाबा."

"माझी न्हाई ती. म्हणून तर परत द्यायला आलो." तो कोटाची बटणं लावतो. "चल, निघतो. रिबका आलीय."

"कुठं आलीय?"

कोंबडा मान ताणतो आणि माझ्या कानात आरवतो.

मी दचकून उठतो. दुपार तशीच आहे, लिंबाची सावली हातभर सरकली आहे. कोंबडा अजून आरवतो आहे. उजव्या घोट्याला सुतळी बांधलेली आहे, आणि सुतळीच्या दुसऱ्या टोकाला एक काळा कोंबडा माझ्याकडं रागानं बघतो आहे.

धुण्याच्या दगडावर रिबकावहिनी बसली आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

"उठलात व्हय, भाऊजी? तुम्ही निजला होता म्हणून हाक न्हाई मारली. उद्याचा कोंबडा बाजेच्या खुराला बांधलाय."

"वहिनी, तो माझा पाय आहे."

"अगं बाई! तरी म्हटलं, खुराला केस कशे."

मी हसलो नाही. ती मात्र तोंडाला पदर लावून पोटभर हसली. ती हसत असतानाच मला बोलायला पाहिजे, नाहीतर मी पुन्हा चाळीस वर्षं गप्प बसेन, हे मला कळलं.

"वहिनी, आपण सारे—"

कोंबड्यानं पाय ओढला.

"वहिनी, तो कोंबडा मी चोरला."

"हा? हा तर मी आत्ता आणला."

"हा नव्हे. तो. शिमोनच्या नावावर गेला तो. मी चोरला, मी खाल्ला. आणि सुतळी त्याच्या मनगटाला मी बांधली. तो नुसता झोपला होता."

ती हसायची थांबली.

"शेवटच्या दुखण्यात त्यांनी तुमचा हात धरला होता," ती म्हणाली. "म्हणाले, लाजर, त्या कोंबड्याची माफी माग माझ्यासाठी, तुझी प्रार्थना पोचते. मी तिथंच उभी होते. तुम्ही काय म्हणालात, भाऊजी?"

"मी आमेन म्हणालो."

"माझी चप्पल कुठाय?" ती जमीन चाचपू लागली. "मेली दिसतबी न्हाई. कुठाय चप्पल?"

चप्पल माझ्या बाजूला होती. मी ती उचलून तिच्या हातात दिली. तिनं चप्पल धरली, वर उचलली, तशीच थोडा वेळ धरून ठेवली. मी मान खाली घातली होती. मग तिनं चप्पल खाली टाकली आणि पायात घातली.

"उद्या देवळात सांगाल?"

"सांगेन."

"मोठ्यानं सांगा. मला कमी ऐकू येतं."

"वहीतही लिहीन. त्या ओळीखाली."

मी वाकून घोट्याची गाठ सोडवू लागलो. नखं लागेनात. "निरगाठ बसली आहे, वहिनी. घरातून विळा आणा."

"इळा कशाला?" ती जवळ आली, चाचपून माझा पाय धरला. "कोंबड्याला मी कधी निरगाठ मारते का? सुरगाठ हाय, भाऊजी. एक टोक ओढायचं फक्त."

तिनं ओढलं. सुतळी सुटून खाली पडली.

मी तसाच बसून राहिलो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तिला दिसत नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं. ती कोंबडा काखेत मारून निघाली.

"वहिनी, अर्पण?"

"हा आता घरी जातो," ती वळून न बघता म्हणाली. "आज रस्सा करीन, त्यांच्या फोटोपुढं बसून खाईन. उद्याचा कोंबडा तुम्ही आणा."

मी आणला. देवळात उभा राहून जे सांगायचं ते मोठ्यानं सांगितलं, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. पंचपदही सोडलं. घरी येऊन वही उघडली आणि त्या ओळीखाली लिहायला बसलो. एस्तेर मागं उभी होती. पहिलं अक्षर काढल्यावर ती म्हणाली, "मामा, आज दुसरी वेलांटी काढलीत." घोट्याकडं पाहिलं तर सुतळीचा वळ अजून होता.

शिमोन याकोब उमाप शुक्रवार, १४ ऑक्टोबर २०११ रोजी सकाळी आपल्या घरी वारला. कोंबडा त्यानं चोरलेला नव्हता.