कुंकू लागलेली सीडी

खंडेनवमीला लॅपटॉपची पूजा करताना ओल्या कुंकवाचा वास आला, की आमच्या चौसाळ्याच्या घरातला पहिला कॉम्प्युटर आठवतो. सासर सोडून आलेल्या ताईला घरबसल्या टायपिंगची कामं घ्यायची होती, म्हणून कापडदुकान चालवणाऱ्या वडिलांनी तो आणला होता. बीडच्या दुकानदारानं पत्रं नि तक्ते करायच्या सॉफ्टवेअरच्या दोन सीड्या पुढं ठेवल्या, तर ताईनं नावाजलेली, महागडी बाजूला सारली. "ही स्वस्तातली बी तेच काम करती, अण्णा. हीच घेऊ." दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. वडिलांनी कापड मोजायचा गज पुजला, कात्री पुजली, कॉम्प्युटर पुजला आणि सीडीच्या चकाकत्या बाजूवर हळदीकुंकवाची ओली बोटं ओढली. ती चालेना, तेव्हा धोतराच्या सोग्यानं इतकी घासली की ओरखडे उठले. दुकानदारानं ती बदलून दिली नाही. "दुसरी आणतो, थांब," वडील म्हणाले. "राहू द्या अण्णा, माझं सगळं असंच हाय," असं म्हणून ताई दिवाळीनंतर सासरी निघून गेली. वडील वारल्यावर त्यांच्या पेटीत मला ती महागडी सीडी सापडली, वरचा कागदसुद्धा न फाडलेली. ताईला मी ते अजून सांगितलेलं नाही.