व्याह्यांनी आणलेली रीसलिंग

बाळांनो, तुमच्या काकाचं लग्न ठरल्याची बातमी पुण्यात पोचलीच असेल. ते ठरता ठरता कसं मोडलं असतं, हे मात्र मीच सांगायला हवं.

मुलीचे आईवडील आम्हाला पहिल्यांदा भेटायला कॅलिफोर्नियाहून इथे टेक्सासात, फ्रिस्कोला आले. तिकडे समुद्राकाठी त्यांचा लहानसा द्राक्षमळा आहे. अशा भेटीला आपण पेढे नेतो. मुलीच्या वडिलांनी घरच्या रीसलिंगची, म्हणजे पांढऱ्या वाइनची, एक जुनी जपून ठेवलेली बाटली आणली.

मी कोथिंबीर वड्या वाढल्या, त्यांनी बूच काढलं आणि माझा हात थांबला. रॉकेलचा वास! माझ्या लहानपणी रॉकेल अशाच रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवत. शेजारच्या एका मुलीने पाणी समजून घोट घेतला आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. मी लेबल नीट वाचलं. वाइनला कशाकशाचा वास येतो त्या यादीत पीच, लिंबू, मध, सगळं होतं, रॉकेल नव्हतं. वाइन घरची, भरणारे हेच. आधी त्या बाटलीत काय होतं कुणास ठाऊक!

काकाने ग्लास उचलला. मी त्यावर हात ठेवून मराठीत म्हटलं, "पिऊ नकोस. रॉकेल आहे त्यात."

"आई, प्लीज! आज नको." तो तोंडावर हसू ठेवून म्हणाला.

"आधी वास घे."

"तू दूधसुद्धा हुंगून घेतेस."

"म्हणूनच धडधाकट आहेस."

"काय झालं?" काकाशेजारी बसलेल्या त्याच्या होणाऱ्या बायकोने इंग्रजीत विचारलं.

"काही नाही, वड्या गरम आहेत म्हणतेय."

गप्प बसले तर ते सगळ्यांच्या पोटात जाणार, बोलले तर सोयरीक मोडणार. मी सरळ इंग्रजीत सांगितलं, "तुमच्या वाइनला रॉकेलचा वास येतोय."

काकाने डोळेच मिटले. मुलीच्या वडिलांनी मात्र टेबलावर थाप मारली. "अगदी बरोबर! आमच्याकडे ऊन भरपूर आणि वारा समुद्रावरचा, गार. द्राक्षं सावकाश पिकतात. त्यांची वाइन वर्षानुवर्षं ठेवली की हा वास येतो. लोक त्यासाठी थांबतात!"

उत्तर मला जरा जास्तच तयार वाटलं.

"मग आधी तुम्ही प्या," मी म्हटलं.

त्यांची बायको खो खो हसली. "प्या आता! मीसुद्धा पहिल्यांदा हेच म्हटलं होतं."

त्यांनी अख्खा ग्लास संपवला. मी त्यांचा चेहरा न्याहाळत राहिले. त्यांनी आणखी दोन वड्या मागून खाल्ल्या, तेव्हा कुठे मी काकाच्या ग्लासावरचा हात काढला. मग आत जाऊन खण-नारळ आणला आणि मुलीच्या आईची ओटी भरली.

माणसं सरळ आहेत, त्याबद्दल माझी खात्री झाली. बाटलीबद्दल अजून नाही. लग्नात हीच वाइन ठेवणार म्हणतात. तुम्ही आपलं पन्हं घ्या.