सूर्यभानची टॉपलिंक

सूर्यभान डिझेलच्या टाकीच्या झाकणाला दोरा बांधून ठेवायचा. सकाळी आला की आधी गाठ बघायचा. गाठ आपलीच आहे अशी खात्री पटली, की मगच ट्रॅक्टरला हात लावायचा. पूर्वी तो एका ठेकेदाराच्या ट्रकवर होता. तिथं डिझेल दुसऱ्यानं काढलं आणि नोकरी याची गेली. तेव्हापासून हा माणूस समोरच्याच्या तोंडाकडं न बघता हातांकडं बघत बोलायचा.

आमचं गाव पाथर्डीच्या अंगाला. बहात्तरच्या दुष्काळात कुठल्याशा परदेशी संस्थेनं आमच्या सोसायटीला एक छोटा ट्रॅक्टर दिला. त्याच्याबरोबर नांगर आला, आणि मागं जोडायचा एक लांब लोखंडी हातही आला. त्याच्या टोकाला दातेरी बादली होती, तिनं माती उकरायची. गाव त्याला सोंड म्हणायचं. सोंड काय आणि नांगर काय, दोन्ही मागच्याच बाजूला लागायचं. एक काढल्याशिवाय दुसरं बसत नसे, आणि त्या अदलाबदलीत अख्खी सकाळ जायची. सूर्यभान सपाट जागा बघायचा, सोंडेचे दोन्ही पाय आणि बादली जमिनीवर टेकवायचा, इंजिन बंद करून तेलाचा दाब सोडायचा, नळ्या काढून त्यांच्या तोंडाला फडकी बांधायचा. मग पिना उपसून ट्रॅक्टर हळूच पुढं घ्यायचा. सोंड जागेवर उभी राहायची. नांगराला खालचे दोन दांडे आधी लावायचे आणि शेवटी वरची टॉपलिंक. टॉपलिंक म्हणजे नांगराचं डोकं धरून ठेवणारा, आटे पाडलेला हातभर दांडा. तो नसला तर नांगर नुसता लोळतो.

या कामात तो कुणाला जवळ येऊ देत नसे. "पिन कुनाच्या खिशात गेली तर मी कुनाला धरू?" म्हणायचा.

त्र्याहत्तरच्या चैत्रात सोंड ओढ्यात खोदत होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीची विहीर आटली होती. बायका दीड कोस चालून पाणी आणत. वाळूत पुरुषभर खाली ओल लागली, तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन आबासाहेब काठावर येऊन उभे राहिले.

"सूर्यभान, उद्या सोंड काढ. आमच्या रानाची नांगरट करायची हाय."

"आबासाहेब, आजून दोन हात खाली गेलं तर पानी लागंल."

"लागंल, न्हाईतर न्हाईबी लागायचं. नांगरट ठरलेली हाय."

दुसऱ्या दिवशी सूर्यभान सोसायटीच्या गोदामाला लागून असलेल्या शेडमध्ये गेला. नांगर होता, खालचे दांडे होते. टॉपलिंक नव्हती.

शेडची किल्ली दोघांकडंच असायची, त्याच्याकडं आणि गोदाम सांभाळणाऱ्या काकासाहेबांकडं. काकासाहेबांच्या मेव्हण्याला सूर्यभानच्या जागी ट्रॅक्टर चालवायची हौस होती, हे त्याच्या डोक्यात आधीपासून होतंच. तो तडक गोदामात गेला. दुष्काळी धान्याचं वाटप चाललं होतं, रांग दारापर्यंत आलेली.

"काकासाहेब, किल्ली तुमच्याकडं. टॉपलिंक कुठं गेली?"

काकासाहेबांच्या हातातलं माप तसंच राहिलं. "म्हंजे मी चोर?"

"चोर कुठं म्हनलो? किल्ली म्हनलो."

"सगळी रांग ऐकतीय, सूर्यभान." काकासाहेबांनी किल्ली पोत्यावर ठेवली आणि ते घरी निघून गेले.

नवी टॉपलिंक नगरला लेथवर करून घ्यायला आठवडा तरी लागणार होता. आबासाहेब चडफडले. पण तोवर ट्रॅक्टर रिकामा ठेवण्यापेक्षा खोदू दे, म्हणाले. सोंड ओढ्यात चालू राहिली, आणि सूर्यभान खोदता खोदता माणसं बघत राहिला.

वस्तीवरची कडूबाई त्याला रोज भाकरी आणून देऊ लागली. तिचा नवरा गहिनीनाथ ऊसतोडीला कोपरगावकडं गेला होता. आयती भाकरी बघून सूर्यभानला आधी संशयच आला. पहिल्या दिवशी त्यानं एक तुकडा कुत्र्याला घातला. कुत्रं शेपूट हलवत आणखी मागायला लागलं, तेव्हा कुठं यानं खाल्ली. वस्तीवरचं दुसरं प्रत्येक माणूस विचारायचं, "मशीन कवा जानार?" कडूबाईनं मात्र एकदाही विचारलं नाही. एका दुपारी ती भाकरी ठेवायला वाकली, आणि तिच्या पदरावरचा काळा डाग त्याला दिसला.

"वैनी, चुलीचं काळं धुतलं की जातं. ग्रीस जात न्हाई."

तिनं डाग मुठीत झाकला. मग म्हणाली, "आबासाहेब नांगराचं बोलले त्याच दिशी धान्य न्यायला आल्ते, तवा शेड उघडं हुतं. त्यो दांडा लावल्याबिगर नांगर चालत न्हाई, हे मी लई येळा बघितल्यालं."

"कुनी शिकवलं?"

"कुनी न्हाई."

"मागायचं हुतं."

"मागितला आसता तर दिला आसता?"

सूर्यभान म्हणाला, "मग काकासाहेबांवर आळ आला तवा का बोलला न्हाईत?"

"बोलले आसते तर मशीन त्याच दिशी गेलं आसतं." तिनं खड्ड्याकडं बोट केलं. "पोरं गढूळ पित्यात, भाऊ. दोन हात खाली जाऊ द्या, मग मला चावडीवर न्या."

"कुठं ठेवलाय?"

"तुराट्यांच्या कुडात."

त्यानं खिशातलं तेलकट फडकं काढून तिच्यापुढं टाकलं. "ह्यात गुंडाळून ठेवा. आट्याला गंज चढला तर फिरायचा न्हाई."

चार दिवसांत खड्ड्यात गुडघाभर पाणी साठलं. लिंक शेडमध्येच सापडली, असं सूर्यभाननं सांगितलं. आबासाहेबांना ते पटलं नाही. "तूच लपवली हुतीस," म्हणत त्यांनी त्याला ट्रॅक्टरवरून उतरवलं. त्यानं उलट शब्द काढला नाही, म्हणून गावाला जास्तच वास आला. रोज भाकरी कुणाच्या घरून जात होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गहिनीनाथ परत आला, तेव्हा त्याच्या कानावर पाण्याच्या आधी ती भाकरी गेली.

कडूबाईनं नवऱ्याला बरोबर घेतलं आणि भर दिवसा चावडी गाठली.

"दांडा मी नेल्ता," ती आबासाहेबांना म्हणाली. "भाकरी घातली ती मशीन थांबावं म्हनून. आता ज्याला काय बोलायचं त्यानं माझ्या तोंडावर बोलावं."

आबासाहेबांची स्वतःची जनावरं त्या वेळी ओढ्यावर पाणी पीत होती. "घरी जा, बाई," ते म्हणाले. गहिनीनाथ खाली मान घालून तिच्या मागून गेला. दुसऱ्या दिवशी सूर्यभानला बोलावणं आलं आणि नांगरट सुरू झाली.

सूर्यभान काकासाहेबांच्या दारात गेला. "माझं चुकलं."

"हे एकट्यात म्हनतोस," काकासाहेब म्हणाले. "आळ रांगेत घेतला हुतास."

पुढच्या वाटपाला सूर्यभान रांगेपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "काकासाहेबांनी काय नेलं नव्हतं. मी उगंच बोललो." लोकांनी ऐकून घेतलं आणि आपापल्या पिशव्या पुढं सरकवल्या. काकासाहेब मात्र गोदामात परत आले नाहीत.

पाऊसपाणी नीट झाल्यावर काकासाहेबांच्या लेकीचं लग्न निघालं. सूर्यभानला आमंत्रण नव्हतं. तरी सकाळी तो ट्रॉलीभर सरपण घेऊन आला आणि मांडवामागं उतरवायला लागला. काकासाहेबांनी लांबून बघितलं.

"जेवून जा," एवढंच म्हणाले.

सूर्यभान पंगतीत अगदी टोकाला बसला. काकासाहेब हातात बुंदीचं ताट घेऊन वाढत आले, आणि त्याच्या आधीच्या पानावर वाढून तिथूनच दुसऱ्या ओळीकडं वळले.