झिरा किती खोल

गोदावरीच्या पात्रातल्या वाळूचा लिलाव होऊ द्यायचा की नाही, हे ठरवायला आमच्या गावात ग्रामसभा भरली. पालम तालुक्यातलं आमचं गाव नदीकाठचं, तरी उन्हाळ्यात नळाचा भरवसा नाही. मग आम्ही बायका कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरा करतो आणि झिरपलेल्या पाण्यानं वाटी-वाटी करत हंडा भरतो. माझा धाकटा दीर त्याच पात्रातली वाळू ट्रॅक्टरनं वाहायचा. लिलाव झाला नाही तर त्याचं काम बंद, म्हणून सभेत आवाजही त्याचाच मोठा.

वाळू काढल्यानं पाणी जातं हे शहरातल्यांचं खूळ, असं त्याचं म्हणणं. हातभर उकरलं की पाणी लागतंच म्हणे. माझं डोकंच फिरलं. उभ्या जन्मात झिरा न उकरलेला माणूस आम्हाला झिरा शिकवत होता. घरच्या माणसाला चारचौघांत बोलू नये हे कळत होतं, तरी बोलले.

"भाऊजी, नदी काही लांब नाही. गावासमोर हातभर उकरून पाणी दाखवा, मी लिलावाच्या बाजूनं हात वर करते."

अख्खी सभा उठून पात्रात आली. दिरानं बाह्या सारल्या. हात खांद्यापर्यंत आत गेला, वाळू कोरडीच. मग फावडं मागवलं. कमरेएवढा खड्डा झाला आणि खाली काळी चिकणमाती लागली. तिथली वाळूच संपली होती. बायका हसल्या, मीही हसले. पण त्याचा उतरलेला चेहरा पाहिला आणि वाईट वाटलं.

खड्ड्यातूनच त्यानं विचारलं, "वहिनी, तुमी नदीच्या वळणापलीकडून पाणी आणायलाव, तुमाला ठावं होतं. मंग इतके दिवस बोलला का न्हाईत?"

उत्तर मला पाठ होतं, सांगायची लाज वाटत होती. आमच्या नव्या घराचा स्लॅब मागच्याच वर्षी इथल्याच वाळूनं टाकला होता.

"घर बांधून व्हायचं होतं," मी म्हणाले.

कुणी मला बोल लावला नाही. गावात पक्की घरं बऱ्याच जणांची होती. मग तिथंच उभ्या उभ्या बोलणं झालं: लिलाव नको, वळणापलीकडच्या वाळूला हात लावायचा नाही, आणि घरापुरती ज्याला लागेल त्यानं सभेला विचारून खालच्या अंगाची न्यावी. दीर म्हणाला, ट्रॅक्टरला नांगर जोडतो, शेतांतली कामं काय कमी हायेत.

ग्रामसेवकानं गुडघ्यावर वही धरली आणि या ठरावाच्या बाजूनं कोण ते विचारलं. दीर अजून खड्ड्यातच होता. तिथूनच त्यानं सगळ्यांच्या आधी हात वर केला.