डांड्यावरचं तळं आणि हस्तकलीच्या म्हशी

हस्तकली पुन हिचा जात्यावर राग होता. असातसा नाही, एखादीचा सवतीवर नसेल एवढा.

पावसाळा आणि त्यापुढची थंडी बरी जायची. ओढ्याला पाणी असायचं, पाणचक्क्या फिरायच्या, सिमलडांडा गावातल्या बायका दळण टाकून गप्पा मारत बसायच्या. फागुन लागला की ओढा आटून म्हाताऱ्याच्या शेंडीएवढा व्हायचा, आणि मग घरोघर जात्यांची घरघर सुरू. दिवसभर शेतात वाकायचं, अंधार पडता पडता घरी यायचं, आणि रात्रीच्या ढिंडोसाठी, म्हणजे पिठाच्या घट्ट उकडीसाठी, पुन्हा त्या दगडाशी कुस्ती खेळायची. हस्तकलीचा उजवा खांदा तर बोलायलाच लागला होता. "कर्र" म्हणायचा, तीही त्याला "गप रे मेल्या" म्हणायची.

खरं तर गावात विजेची चक्की होती. सोलरची पॅनल होती, आणि ती गावानेच पाठीवरून चढवून आणली होती. पहिलं पॅनल कपाळाला नाम्लोचा पट्टा लावून हस्तकलीने वर आणलं होतं, आणि वर पोचल्यावर दम न खाता आधी सगळ्यांना ऐकवलंही होतं. पहिली काही वर्षं मजा होती. मग बॅटऱ्या एकेक करून मेल्या. आता भर दुपारी, सगळं गाव मक्यात आणि घरात फक्त मांजर, अशा वेळी वीज उतू जायची. संध्याकाळी बायका घरी आल्या की वीज सूर्याबरोबर डोंगराआड पसार!

तुम्ही म्हणाल, मग चक्कीवर माणूस बसवा आणि दुपारीच दळून घ्या. बसवला होता ना! तो डुलक्या घेत राहिला, आणि मनसरीचा मका नि हस्तकलीचं कोदो, म्हणजे नाचणी, एकत्र दळून मोकळा झाला. त्यानंतर त्या दोघी शेजारणींमध्ये जे भांडण झालं, ते ऐकायला पलीकडच्या डांड्यावरचे, म्हणजे डोंगरकण्यावरचे, लोक गवत कापायचं थांबले होते. तेव्हापासून ठरलं, आपलं दळण आपल्या डोळ्यांसमोर.

सोलर समितीचा अध्यक्ष होता इमानसिंह, हस्तकलीचा धाकटा दीर. भारताच्या पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला. मिशा अजून ड्यूटीवर, बाकी सगळा माणूस सुट्टीवर.

"भाउजू," तो बैठकीत म्हणाला, "पॅनल आता पत्र्याच्या भावात मिळतात. पण उजेड भरून ठेवायची बॅटरी? तिचा भाव विचारला की दुकानदार आधी खुर्ची पुढे करतो."

"खुर्ची कशाला?"

"ऐकून माणूस पडू नये म्हणून. माझं ऐका. खाली रस्त्यावरचा हॉटेलवाला ही पॅनल घ्यायला तयार आहे. चैते दशैंच्या सणाला त्याची खेचरं येतील. देऊन टाकू."

"आणि आम्ही?"

"तुम्हाला जातं आहेच की."

असं बोलू नये हो माणसाने, निदान भावजयीसमोर तरी. हस्तकली जी उठली, ती नीरज ताम्राकारच्या समोर जाऊन बसली. हा पोखरा शहरातला इंजिनियर पोरगा पॅनल तपासायला आला होता आणि तिच्याच घरी उतरला होता. तिच्या हातचा गुन्द्रुक, आंबवलेल्या पाल्याची भाजी, त्याला इतका आवडायचा, की तपासणी काही संपत नव्हती.

"भाइ, बॅटरीशिवाय वीज साठवता येत नाही का? तुझ्या पुस्तकात बघ."

नीरज खाली ओढ्याकडे बघत होता. तिथे एक लहानसं जनित्र होतं, फक्त पावसाळ्यात फिरणारं, आता कोरडं पडलेलं. मग त्याने वर पाहिलं. गावाच्या डोक्यावर डांडा, आणि डांड्यावर म्हशींच्या डुंबण्याचा जुना खड्डा.

"दिदी, तो खड्डा केवढा मोठा करता येईल?" असं म्हणून तो उभाच राहिला. "दुपारची वाया जाणारी वीज पंपाला द्यायची. ओढ्याचं पाणी खाली अडवून डांड्यावर चढवायचं. संध्याकाळी तेच पाणी पाइपातून खाली सोडायचं, जनित्र फिरेल! दुसऱ्या दिवशी तेच पाणी पुन्हा वर. डोंगर हीच आपली बॅटरी!"

हस्तकलीने डोळे मिटून ते सगळं एकदा मनात चढवलं आणि उतरवलं. मग मांडीवर थाप मारली. "म्हणजे पाणी दिवसा माहेरी जाणार आणि संध्याकाळी सासरी येणार!"

"आणि सासरी आलं रे आलं की कामाला जुंपणार," मनसरी दारातून म्हणाली. तिला बोलावलं नव्हतं, पण तिला कधी बोलावावं लागत नाही.

इमानसिंहने मिशा चोळत मुदत दिली. चैते दशैंच्या संध्याकाळपर्यंत चक्की फिरली तर ठीक, नाहीतर पॅनल खेचरांवर.

मग पर्म बसली. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे, अशी ती गावची सावड. कुदळी निघाल्या. जुन्या खड्ड्यातला काळा चिखल उपसून कडेला ढीग घातला, खड्ड्याचं तळं केलं, आणि नीरजने तळाला जाड काळं प्लास्टिक अंथरलं. पंप सुरू झाला तेव्हा सगळं गाव डांड्यावर. पाइपाने आधी ठसका दिला, मग शिंक, आणि मग असं पाणी आलं की पोरं, बाया, म्हातारे सगळे ओरडले. मनसरी तर इतकी हरखली की तिने हस्तकलीचीच पापी घेतली. पुढच्या काही दुपारींत तळं काठोकाठ भरलं.

आता इथे गावाची एक रीत आडवी आली. नव्या तळ्याचं पहिलं पाणी जनावरांना पाजायचं, मग माणसांनी घ्यायचं. तळं खणणाऱ्याला पुण्य लागतं ते त्यानेच.

नीरज कावराबावरा झाला. "दिदी, काठावर बादलीने पाजू या ना."

"बादलीने? पाहुण्याला अंगणातूनच वाटी देऊन परत पाठवायचं? आणि आमच्या म्हशी शहाण्या आहेत."

शहाण्या! चैताचं ऊन, दुपारची वेळ, आणि समोर त्यांच्या पणज्यांच्या डुंबण्याची जागा. हस्तकलीची भुंटी म्हैस एक घोट प्यायली. दुसरा घोट प्यायली. मग तिने मालकिणीकडे एकदा असं बघितलं, जसं सासूबाई सुनेकडे बघतात, आणि पोट सांभाळत थेट आत उतरली. तिच्या मागे सगळा कळप. पाणी उसळलं, लोक ओरडले, नीरजने डोकं धरलं. खुरांखाली प्लास्टिक टरटर फाटत गेलं.

सकाळपर्यंत तळं रिकामं. सगळं पाणी झिरपत झिरपत निघालं ते कुठे? खाली इमानसिंहच्या कांद्याच्या वाफ्यात.

"भाउजू!" तो खालून गरजला. "माझा कांदा पोहायला शिकला!"

एरवी हस्तकलीने दोन टोले परत दिले असते. आज ती मान खाली घालून घराकडे वळली. रीत तिने लावून धरली, म्हशी तिने सोडल्या. नवं प्लास्टिक आणायला गावाच्या डब्यात काही उरलं नव्हतं, आणि खेचरं तर येऊ घातलेली. घरी येऊन ती जात्यापाशी बसली. खुंटा हातात घेतला, तर खांदा म्हणाला "कर्र". या वेळी तिने त्याला शिवीसुद्धा दिली नाही.

त्यात भुंटी दावं तोडून पळालेली. शोधत शोधत हस्तकली डांड्यावर गेली, तर नीरज फाटक्या प्लास्टिकच्या घड्या घालत होता, आणि बाईसाहेब कडेच्या चिखलाच्या ढिगाऱ्यात, पोटापर्यंत पाण्यात, रवंथ करत बसल्या होत्या.

"उठ गं, गावाचं वाटोळं केलंस, आता..." हस्तकली बोलता बोलता थांबली. "भाइ. तळ्याचं सगळं पाणी गळालं. हिच्याखालचं का नाही गळालं?"

नीरज वाकला. बोटाने चिखल दाबला. भुंटीने लोळून लोळून तिथे एक खळगा केला होता, तव्यासारखा गुळगुळीत, आणि तळ्यातून उसळलेलं पाणी त्यात तसंच तटून होतं.

"तुडवलेली चिकणमाती," तो हळूच म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "दिदी! जुना खड्डा पाणी धरायचा तो या चिखलामुळे! आणि मी तो उपसून बाहेर टाकायला लावला!"

"तू उपसलास, मी फाडलं. फिट्टंफाट. आता पुन्हा आत घालू आणि तुडवू."

"एवढं तुडवणार कोण?"

हस्तकलीने भुंटीच्या पाठीवर चापट मारली. "माणसांची पर्म झाली. आता म्हशींची!"

ती घरोघर फिरली. काळा चिखल पुन्हा तळ्यात पडला, वर डोंगराची लाल माती, मध्ये जरासं पाणी, आणि म्हशींचा घोळका आत हाकलला. बाहेर पडू पाहणारीला मनसरी झाडूने परत वळवायची. फक्त इमानसिंहची म्हैस आली नव्हती.

"गाभण आहे ती," तो म्हणाला.

"गाभण कसली? तुझ्यासारखीच पेन्शनवर आहे. हालायला नको, बोलायला नको, नुसतं खायचं."

थोड्या वेळाने बघतात तर काय, इमानसिंह विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळून म्हशीसकट तळ्यात. "लेफ्ट! राइट! ए काळे, कदम मिलाके!" आणि खरंच हो, म्हशी त्याच्या आवाजावर गोल गोल फिरायला लागल्या. बायका हसून हसून चिखलात बसल्या. हस्तकली दिराला म्हणाली, "कान्छा, पलटणीत तुला कोणी ऐकत नव्हतं, ते या ऐकतात रे!" तो मिशीतला चिखल पुसत म्हणाला, "तिकडेही असंच होतं भाउजू. शिंगं तेवढी नव्हती." मग या डोंगरावर कोण कोण नाचलं, काय सांगू! म्हशी दमल्या, माणसं नाही दमली.

तळाचा चिखल घट्ट बसला. भोवती काट्यांचं कुंपण आलं, आणि म्हशींचं पाणी कायमचं बाहेरच्या कुंडात, या वेळी हस्तकलीनेच सांगितलं. पंप पुन्हा चालू.

चैते दशैंच्या दिवशी तळं भरलेलं होतं. आणि खेचरंही आली होती. खेचरवाला चक्कीसमोर चहा पीत पॅनल बांधायच्या दोऱ्या सोडत बसला. ऊन उतरलं. सूर्य डोंगराआड गेला, आणि त्याच्याबरोबर रोजच्यासारखी वीजही गेली. वर डांड्यावर पाइपाच्या झडपेचं चाक सोडायला हस्तकलीच हवी, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. तिने दोन्ही हातांनी चाक फिरवलं. पाइप आतून घुमला. पाणी निघालं.

काहीच झालं नाही. गाव खाली काळोखात तसंच. हस्तकलीने चाक आणखी थोडं फिरवलं.

मग खाली, चक्कीच्या छपरात, एक दिवा मिणमिणला. विझला. पुन्हा लागला. मग मनसरीच्या ओसरीवर, मग शाळेत, मग सगळीकडे! आणि त्या दिव्यांच्या मागून तो आवाज आला, चक्कीच्या पट्ट्याचा, आधी खोकल्यासारखा, मग एकसारखा. हस्तकली डांड्यावर एकटीच नाचली. कोणी बघत नव्हतं म्हणून जरा जास्तच नाचली. मग पदर खोचून, दगडधोंडे न बघता, धावत सुटली खाली.

खाली पोचते तो काय? सगळं गाव पोती घेऊन रांगेत! सगळ्यात पुढे मनसरी, तिच्या मागे इमानसिंह, त्यामागे कोण कोण. खेचरवाल्यानेसुद्धा आपल्या खेचरांच्या दाण्याचं पोतं पुढे सरकवलं होतं.

"अगं, तळं माझं, म्हशी माझ्या, चाक मी सोडलं!"

"चाक सोडलंस, रांग नाही धरलीस दिदी," मनसरी म्हणाली. तिचे हात गरम पिठात कोपरापर्यंत.

"शिस्त, भाउजू, शिस्त! शेवटी उभ्या राहा," इमानसिंह म्हणाला, आणि खेचरवाल्याला डोंगराच्या बॅटरीबद्दल सांगायला वळला. अगदी स्वतःच शोधल्यासारखं सांगत होता.

हस्तकली मागे गेली. आपल्या कोदोच्या पोत्यावर बसली. संध्याकाळ झालेली, दिवे लागलेले, आणि हात रिकामे. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. हातांचं काय करायचं ते तिला कळेचना.

मग कळलं. इमानसिंह हातवारे करून पंपाचा आवाज काढून दाखवत होता. तिने हलकेच त्याचं पोतं ओढून रांगेच्या शेवटी नेलं, आणि त्याच्या जागी आपलं ठेवलं.