पळीभर तीर्थ

शरदिनीताईंना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. संकठा घाटाजवळच्या आपल्या दोन खोल्यांत त्या चहासुद्धा उभ्यानेच पीत, आणि कपडे वाळत घालताना मनातल्या मनात वॉर्डातल्या खाटा मोजत. शहरातल्या एका सरकारी इस्पितळात, मेंदूच्या आणि नसांच्या जुनाट आजारांच्या वॉर्डात, त्या वीस वर्षं सिस्टर होत्या. खडखडीत बरा होऊन हसतखेळत घरी गेलेला माणूस त्यांच्या वाट्याला क्वचितच आला. कुशीवर वळवायचं, पाठ कोरडी ठेवायची, घास भरवायचा, दोन तासांनी पुन्हा वळवायचं. असल्या कामाने दुसरी एखादी थकून गेली असती. बाईंना त्यानेच उभं ठेवलं होतं.

जीभ मात्र तिखट. शिकाऊ मुली त्यांना चळाचळा कापत. त्यातून पाण्याचा विषय निघाला की विचारूच नका. ज्याचा गळा दुबळा झालाय त्याला पातळ पाणी दिलं, तर ते पोटात जायचं सोडून छातीत उतरतं, आणि खोकून काढायचीही त्या माणसात ताकद नसते. म्हणून पाणीदेखील आरारूट घालून दाट करूनच द्यायचं, बसतं करून, हनुवटी खाली ठेवून. हे त्यांनी किती नातेवाइकांना बजावलं असेल, त्याला गणती नाही.

१९९४च्या मार्चमध्ये त्यांच्या वॉर्डात शिवरामशास्त्री दुसऱ्यांदा न्यूमोनिया घेऊन आले. राजा घाटामागच्या गल्लीतले हे वैदिक. उभा जन्म मुलांना वेद शिकवण्यात गेलेला. तीन वर्षांपूर्वी मोटर न्यूरॉनच्या आजाराने आधी हात धरले, मग पाय, मग जीभ. बुद्धी तेवढी लख्ख राहिली होती, आणि डोळे. डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं की तिसऱ्यांदा छाती भरली तर ती सोसायची नाही.

मग पाणी दिलं कुणी? शास्त्रीबुवांना तिन्ही त्रिकाळ भरवायची त्यांची सून, सुरुची. शरदिनीताईंनी तिला भर वॉर्डात, सगळ्यांदेखत धारेवर धरलं. कंटाळा केला असशील, दाट करायचा आळस केला असशील, असं नाही नाही ते बोलल्या. ती पोर रडत एवढंच म्हणत राहिली, "कसम खाऊन सांगते ताई, मी पानी नाही दिलं." शेजारी तिची सासू, सीताकाकू, खाली मान घालून उभ्या होत्या. त्यांनाही ताईंचंच खरं वाटलं होतं.

शास्त्रीबुवा नऊ दिवस वॉर्डात राहिले. सीताकाकू घरची पूजा आटोपून रोज सकाळी येत, आणि शरदिनीताई त्यांच्या तांब्यातलं तीर्थ आपल्या हाताने शास्त्रीबुवांच्या तोंडात घालत. परमुलखात आपल्याच मराठी लोकांतले, एवढं तरी करायलाच हवं. औषधांनी ताप हटला, म्हातारबुवा घरी गेले.

पंधरा दिवसांनी संकठा देवीच्या देवळात सीताकाकू भेटल्या. सुरुचीने त्या दिवसापासून भरवणं सोडलं होतं. आता काकूच भरवत, पण त्यांच्या हाताला कंप. अर्धं सांडे, अर्धं पोटात जाई. शास्त्रीबुवा वाळत चालले होते आणि कालपासून अंग पुन्हा गरम लागत होतं.

शरदिनीताईंचं चित्त थाऱ्यावर राहिना. सुनेने हात लावलेला नाही, तरी ताप? मग पाणी येतंय कुठून? जेवताना विचार तोच, ड्यूटीवर तोच. एका रुग्णाचं नाव त्यांनी दोनदा चुकवलं, आणि शिकाऊ मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. सुट्टीच्या दिवशी उजाडताच पिशवीत थर्मामीटर टाकून त्या राजा घाटाची गल्ली चढल्या.

शास्त्रीबुवांना उशांना टेकवून बसवलं होतं. ताप शंभरच्या वर. काय दिलं, कधी दिलं, ताईंनी खोदून खोदून विचारलं. पाण्याचा थेंब नाही, पूजा करता करताच काकूंनी देवाशपथ सांगितलं. तेवढ्यात त्यांची पूजा आटोपली. बोलता बोलता त्यांनी नवऱ्याची मान हलकेच मागे केली आणि पळीभर तीर्थ ओठांतून आत सोडलं. शास्त्रीबुवांच्या गळ्यातून बारीकसा ओला आवाज आला. खोकला नाही, काही नाही. आवाज ऐकायला शिकलेला कानच हवा, आणि तो कान ताईंना होता.

तरी वॉर्डात नऊ दिवस तो त्यांना ऐकू आला नव्हता. तीर्थ द्यायचं म्हणून दिलं, हात जोडले आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. पाण्यावरून जगाला फाडून खाणाऱ्या या बाईला तीर्थ हे पाणीच आहे, हे एकदाही सुचलं नव्हतं. त्या खाटेच्या कडेवर बसल्या.

"काकू, हे तीर्थच त्यांच्या छातीत जातंय," त्या म्हणाल्या. "आणि वॉर्डात ते मी दिलं. नऊ दिवस, माझ्या या हाताने."

काकूंना पटेना. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या हातावर तीर्थ घातलं, त्याला तीर्थ कसं बाधेल? स्वयंपाकघराच्या दाराशी सुरुची येऊन उभी राहिली होती.

काकूंना समजवायला म्हणून ताई शास्त्रीबुवांकडे वळल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की जवळजवळ महिनाभर सगळे या माणसाच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होते. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. हो असेल तर डोळे मिटा, त्या म्हणाल्या. तीर्थ घेताना गळ्यात त्रास होतो?

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले.

पहिल्यापासून? पुन्हा मिटले. काकूंनी हातातली पळी खाली ठेवली.

पुढचं विचारायला ताईंची तिखट जीभ अडखळली. "मी वॉर्डात सुरुचीला बोलले, तेव्हा तुम्हाला सांगायचं होतं?"

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. मिटल्या पापण्यांखालून धार लागली आणि कानांपर्यंत ओघळली.

सुरुची पुढे झाली. तिने पदराने सासऱ्याचा चेहरा पुसला, त्यांची मान सरळ केली आणि हनुवटी दोन बोटांनी हलकेच खाली आणली. मग ताईंकडे न पाहता म्हणाली, "तीर्थाऐवजी दही आणि शहद घालून दाट पंचामृत देते मी. तुम्ही थांबा, गळ्याचा आवाज ऐका. आणि ताई, आधी बाबांना विचारा, त्यांना हवंय का."